मोरीवरची सवत

थोरल्या जावेला चाळिशी उलटल्यावर जुळं झालं, त्या वर्षी बेटावर नेचा सापडला. त्या घरात काळाची वाटणी 'जुळ्यांच्या आधी' आणि 'जुळ्यांच्या नंतर' अशीच होत असे, म्हणून इथेही तशीच केलेली बरी. बाळं बघायला अख्खी गल्ली लोटली होती. बायका पाळण्याभोवती दाटल्या होत्या. एवढ्यात धाकटा दीर, म्हणजे बाळांचा काका, गुडघे फुटलेले, सदरा फाटलेला, असा दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आहे. जिवंत आहे."

बाळंतिणीने आधी एका बाळाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. दोन्ही रडत होती, तेव्हा कुठे तिचा जीव खाली पडला.

तो बोलत होता एका नेच्याबद्दल. नेचा म्हणजे ओलाव्यात, दगडाच्या फटीत उगवणारं झाड. त्याला ना फूल, ना फळ, नुसता पाला. नेचे जगात ठिकठिकाणी आहेत, पण हा एक फक्त त्या बेटावर होता, आणि तो कुणी डोळ्यांनी पाहिल्याला दोन पिढ्या उलटल्या होत्या. शेळ्यांनी खाऊन संपवला, असं ठरवून सगळे मोकळे झाले होते. बेटावरच्या वनस्पती कार्यालयात नोकरीला असलेल्या या एकट्या माणसाला ते पटत नव्हतं. सुट्टीच्या दिवशी लोक मासे धरायला जात, हा कडे धुंडाळायला जाई. आणि त्या दिवशी कड्याच्या पोटात, शेळीलाही चक्कर येईल अशा खोबणीत, त्याला एक रोप दिसलं. तळहाताएवढं. पानं कोथिंबिरीसारखी बारीक.

"कोथिंबिरीच्या काडीसाठी जीव द्यायला निघाला होता," असं थोरला भाऊ ज्याला त्याला सांगत सुटला, आणि आठवड्याभरात याचं नाव नेचेकर पडलं. मग ओघानेच बायको नेचेकरीण झाली. पुढे पुढे बोटीच्या तिकीटघरातला माणूससुद्धा त्यांना याच नावाने हाक मारू लागला.

नेचेकरणीला या शोधाचा आनंद झाला असं म्हणता येणार नाही. तिची एकुलती एक लेक पलीकडे राहत होती. बेटावरचे लोक 'पलीकडे' म्हणत ते समुद्रापलीकडच्या मोठ्या शहराला. तिथे जायला बोटीने अख्खा दिवस लागे. लेकीला दिवस गेले होते, जावई फिरतीवर, आणि फोनवर ती रोज एकच विचारी, आई, तू कधी येतेस. नेचेकरने कबूल केलं होतं की या वर्षी नोकरी सोडायची आणि लेकीच्या जवळ खोली घेऊन राहायचं. कार्यालयाच्या आवारातल्या त्या दोन खोल्यांचा नेचेकरणीला वीट आला होता. खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांचे गज गंजून हातात येत, कपड्यांना कायम ओलसर वास. तिने ट्रंका पुसून, आत वर्तमानपत्र घालून तयार ठेवल्या होत्या. आणि नेमका त्याच वेळी हा नेचा.

"एवढा त्याला पायावर उभा करतो," नेचेकर म्हणाला, "दुसरीकडे कुठेतरी लावून दिला की निघू आपण. शब्द देतो."

"नेचा कसला, सवत आहे तुझी," थोरली जाऊ हसून म्हणाली. तो शब्द त्या घरात असा रुळला की खुद्द नेचेकरही जेवताना म्हणू लागला, आज तिने नवं पान काढलंय.

खरी गंमत पुढेच. सवत पायावर उभी राहिल्याशिवाय सुटका नाही, हे एकदा डोक्यात बसल्यावर नेचेकरणीइतकी त्या नेच्याची काळजी साऱ्या बेटावर कुणी केली नसेल. त्या वर्षी पाऊस रुसला होता. कड्यावरच्या खोबणीत नेचेकर रोज सकाळी दोर लावून उतरे आणि कॅनमधलं पाणी थेंब थेंब सोडून येई. कॅन भरून दाराशी ठेवण्याचं काम हिचं. तो परत आला की ही चहाच्या आधी विचारी, कशी आहे? नवऱ्याच्या गुडघ्यांची चौकशी नंतर.

"जगातली पहिली बाई बघतेय मी," थोरली जाऊ म्हणे, "सवतीचं बाळंतपण स्वतःच्या हाताने करणारी."

"करते, बाई. एकदाची मोकळी झाली की मीही मोकळी."

नेच्याला बी नसतं. पानाच्या पाठीवर तपकिरी धूळ धरते, तेच त्याचं बी. कार्यालयात तिला बीजाणू म्हणत, नेचेकरीण धूळच म्हणे. धूळ पिकल्यावर नेचेकरने एक पान कागदाच्या पुडीत बांधलं आणि सदऱ्याच्या खिशात घालून दोरावरून वर चढला. चढताना पुडी थोडी उघडली. घरी आल्यावर त्याने ती अशी जपून उलगडली की जणू आत साखर नाही, डोळ्यांतलं औषध आहे. मात्र खिशात जे सांडलं होतं ते नेचेकरणीच्या वाट्याला आलं. घरामागच्या मोरीवर तिने तो खिसा उलटा करून घासघासून धुतला आणि तोंडाने सवतीचा उद्धार केला. त्या मोरीचा नळ कायम टपके. नवं वायसर बसवा म्हणून ती जुळ्यांच्या आधीपासून सांगत होती. नेचेकर हो म्हणे आणि कड्यावर जाई.

कार्यालयाच्या मागे एक काचेची खोली होती. तिथे ट्रेमध्ये माती भरून त्यावर ती धूळ पेरायची होती. माती आधी उकळून घ्यावी लागे, नाहीतर तिच्यात भलतंच काहीतरी उगवतं. त्यासाठी नेचेकरने घरातलं सगळ्यात मोठं पातेलं नेलं ते नेलंच. थोडी धूळ पुढच्या वर्षासाठी ठेवावी असं त्याच्या मनात होतं. पण साहेबांनी सगळी पेरायला लावली. साहेब नवे होते, माणूस वाईट नव्हता, पण त्यांना या बेटावरून लवकर कुठेतरी बऱ्या ठिकाणी बदली हवी होती आणि त्यासाठी बेटावर काहीतरी घडणं भाग होतं. नेचेकरीण साहेबांना मनातल्या मनात दुवा देत होती. दोघांचं दुखणं एकच होतं.

ट्रेवर काचा झाकल्या. खोलीत कुणी जायचं नाही असं फर्मान निघालं. नेचेकर स्वतः तोंडाला फडकं बांधून, हात धुऊन आत जाई.

याच सुमारास थोरल्या जावेने थट्टेत एक भेट आणली. गंजक्या डब्यात लावलेला नेचा. पण हा तो नव्हे, तो गटारकडेला, नळाखाली, जुन्या भिंतीवर कुठेही माजतो तो, जिन्याच्या पायऱ्यांसारखी लांब लांब पानं असलेला. "त्याची एक आहे, तुझीही एक असू दे," ती म्हणाली. नेचेकरणीने डबा खिडकीत ठेवला. चार दिवस हसली, मग तिला त्याचा लळा लागला. उन्हाळा कडक झाला तेव्हा त्याच्या पानांनी माना टाकल्या. नवरा कड्यावर गेलेला. काचेची खोली गार, ओलसर. तिने डबा उचलला आणि पाण्याच्या पिंपामागे नेऊन ठेवला. खोलीत कुणी जायचं नाही हे तिला माहीत होतं, पण कुणी म्हणजे बाहेरचं कुणी, अशी तिची समजूत. डबा तिथेच राहिला, छान तरारला, आणि ती त्याला विसरून गेली.

काही महिन्यांनी ट्रेमध्ये मातीवर हिरवी पापडी धरली. मग पापडीतून टाचणीच्या डोक्याएवढी पानं निघाली. नेचे लहानपणी सगळे सारखेच दिसतात, जशी नवी बाळं दिसतात. थोरल्या जावेला स्वतःची जुळीसुद्धा तेव्हा ओळखू येत नव्हती, एकाच्या पायाला तिने दोरा बांधून ठेवला होता. साहेब ट्रे पाहून इतके खूश झाले की त्यांनी तिथल्या तिथे समारंभाची तारीख ठरवली. डोंगरावर कुंपण घालायचं, आत रोपं लावायची, पलीकडून पाहुणे बोलवायचे. पाटी रंगवायला टाकली. पाटीवर कड्यावरच्या नेच्याचं चित्र, बारीक कोथिंबिरीसारख्या पानांचं. नेचेकरणीने लेकीला फोन करून सांगितलं, आता आलेच समज. लेकीला मुलगी होऊन तीन महिने झाले होते.

समारंभाच्या आदल्या आठवड्यात पानं लांबू लागली. जिन्याच्या पायऱ्यांसारखी.

नेचेकरने एक रोप उपटून भिंगाखाली धरलं, मग दुसरं, मग प्रत्येक ट्रेमधलं. कड्यावरचा नेचा एकातही उगवला नव्हता. मग ट्रे हलवताना त्याला पिंपामागचा डबा दिसला. पानांच्या पाठी धुळीने भरलेल्या. ती धूळ वाऱ्याच्या झुळकेनेही उडते, तिला काचेच्या झाकणाची फट पुरते. तो डबा हातात घेऊन घरी आला.

"हा तिथे कुणी ठेवला?"

"मी. कोमेजत होता."

तो ओरडला नाही. त्याने डब्यात तांब्याभर पाणी घातलं आणि तो अंगणात, सावलीत नेऊन ठेवला. त्याने तो डबा भिंतीवर आपटला असता तर बरं, असं तिला झालं. आपटलेल्या डब्यावर भांडता येतं.

मग तो साहेबांकडे गेला. साहेब शिकलेले होते. भिंगातून एकदा पाहिलं आणि ते काय समजायचं ते समजले. मग त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर मांडव चढत होता. म्हणाले की पाहुणे झाडं बघायला येत नाहीत, झाडं लावायला येतात, आणि लावून निघून जातात. आधी लावून घेऊ, मग बघू.

हे नेचेकरने घरी येऊन सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "मग लावून टाका ना. हिरवंच आहे की."

"अगं, ते गटारातलं आहे."

"असू दे. गटारातल्यालाही कधी मान मिळावा. तुम्ही शब्द दिलाय मला. लावून दिला की निघू म्हणालात. कुठला लावून दिला की, असं नव्हता म्हणालात."

त्या आठवड्यात साहेबांनी त्याला मांडव, खुर्च्या, पाहुण्यांची बोट, सगळ्याला जुंपला. सकाळी कड्यावर जायला सवड म्हणून मिळाली नाही. नेचेकरीण रोज कॅन भरून दाराशी ठेवी आणि तो संध्याकाळी भरलेलाच असे. तिच्या ते ध्यानात येत होतं. पण ट्रंका भरायला काढल्या होत्या आणि उन्हाचं म्हणाल तर ऊन रोजचंच होतं.

समारंभ झाला. भाषणं झाली. पाहुण्यांनी गटारी नेच्याची रोपं दोन्ही हातांनी खड्ड्यात ठेवली, टाळ्या पडल्या, एका बाईंच्या डोळ्यांत तर पाणी आलं. नेचेकर शेवटच्या रांगेत खुर्च्यांच्या मागे उभा होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो दोर घेऊन कड्यावर गेला आणि दुपारी रुमालात काहीतरी गुंडाळून परतला. उघडून दाखवलं तेव्हा त्यात चहाच्या चोथ्यासारखा चुरा होता.

"गेली," तो म्हणाला.

मग त्याने नोकरी सोडत असल्याचं साहेबांना सांगितलं आणि बोटीची तिकिटं काढून आणली. नेचेकरणीला जे हवं होतं ते सगळं झालं. आणि मग तिच्या लक्षात आलं की नवरा तिच्याशी भांडायचा बंद झालाय. आमटी खारट झाली तर खारट खाई. ही ट्रंक आधी की ती, विचारलं तर म्हणे, तू म्हणशील ती. अंगणातून चालताना कुठल्या हिरव्या पानाकडे बघत नसे. जन्मभर तिने देवाकडे असा सरळ नवरा मागितला होता, आणि मिळाल्यावर तिला घरात एकटीला भीती वाटू लागली. थोरली जाऊ म्हणाली, दमलाय, पलीकडे गेला की होईल ठीक. जुळ्यांतला एक तोवर रांगायला लागला होता आणि नेचेकरचा पाय धरून उभा राहू बघे. नेचेकर त्याला उचलून बाजूला ठेवी, पिशवी ठेवावी तसा.

निघायला थोडे दिवस उरले असताना ती मोरीवर चादरी धूत होती. नळ टपकतच होता. ज्या दगडावर थेंब पडे त्याच्या कडेला, विटांच्या फटीत, शेवाळ धरलं होतं. ते घासून काढावं म्हणून तिने ब्रश उचलला आणि हात वर राहिला. शेवाळातून नखाएवढं एक पान वर आलं होतं. त्याच्यामागे अजून एक. कोथिंबिरीसारखं बारीक.

ते ओळखायला तिला भिंग लागलं नाही. सवतीचा चेहरा कोण विसरतं? वर्षभर तिने पाटीवर, फोटोत, नवऱ्याच्या बोलण्यात तेच एक पाहिलं होतं. आणि ते तिथे कसं आलं हेही तिला उमगलं. तो खिसा तिनेच या दगडावर उलटा केला होता.

ब्रश खाली ठेवून ती पायरीवर बसली. एक हात फिरवला की काम संपत होतं. कुणी विचारणारं नव्हतं, कारण कुणाला माहीतच नव्हतं. मोरी घासल्याबद्दल कुणी बाईला जाब विचारत नाही. तिकिटं कपाटात होती. लेकीची मुलगी पालथी पडू लागली होती, आणि आजीने ती अजून पाहिली नव्हती.

त्या दिवशी तिने चादरी तशाच बादलीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी मोरीच्या दुसऱ्या टोकाला धुणं धुतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी नेचेकर ट्रंकेपाशी बसून आपले सदरे घडी करत होता. नीट, बाह्या आत दुमडून. आयुष्यात त्याने कधी सदरा घडी केला नव्हता. ती दारात उभी राहून बघत राहिली. मग म्हणाली, "उठा. तुमची ती आलीय."

"कोण?"

"कोण म्हणजे? सवत माझी. मोरीवर बसलीय."

तो आला. गुडघ्यांवर बसला, मग पोटावर झोपला, गाल ओल्या विटेला टेकवून. इतका वेळ की तिला वाटलं, माणूस गेला की काय. शेवटी त्याने मान वळवली.

"साबण कुठला वापरतेस?"

"वडीचा. का?"

"या बाजूला नको वापरू."

"माझी मोरी आहे," ती म्हणाली. "मला नका शिकवू."

तो तिच्याशी भांडू लागला. साबणावरून, ब्रशवरून, बादली कुठे ठेवायची यावरून. तिने सगळं ऐकून घेतलं आणि उलट चार शब्द सुनावले. त्या दिवशी आमटी खारट झाली तेव्हा त्याने ताट सारलं. तिला बरं वाटलं.

साहेबांना बोलावून दाखवणं भाग होतं. साहेब आले, पॅन्ट वर ओढून मोरीपाशी वाकले, पाहिलं. त्यांचा चेहरा आधी उजळला आणि मग हळूहळू उतरला. त्यांची बदली होत आली होती. ते म्हणाले, "हा नेचा इथे असू शकत नाही. तो डोंगरावर आहे. आपणच लावलाय."

"साहेब, तो डोंगरावरचा—"

"डोंगरावरचा वाचलाय," साहेब म्हणाले. "वाचलेलं पुन्हा कसं वाचवायचं?"

जाता जाता मात्र त्यांनी एक केलं. नेचेकरचा राजीनामा पुढे धाडलेला नव्हता, तो परत दिला. डोंगरावरच्या कुंपणाला राखणदार हवा होता, आणि तो तोंड मिटून राहणारा असला तर उत्तम. म्हणजे नेचेकरने पगार घेऊन गटारी नेच्याला पाणी घालायचं, ज्याला जन्मात कुणी पाणी घालावं लागत नाही. आणि खरा नेचा वाढायचा तो मोरीवर, बायकोच्या धुण्याच्या पाण्यावर.

"तू जा लेकीकडे," नेचेकर म्हणाला. "मी मागून येतो."

मागून येणारा माणूस कसा दिसतो हे तिला पंचवीस वर्षं माहीत होतं.

"आणि धुणं कोण धुणार? तुम्ही? तुमच्या हाती मोरी दिली तर आठ दिवसांत मराल दोघंही, तुम्ही आणि ती."

तिने स्वतः जाऊन तिकिटं परत केली. तिकीटघरातल्या माणसाने विचारलं, का हो, नेचेकरांनी अडवलं का? ती म्हणाली, नाही, माझं धुणं राहिलंय. त्याला ते समजलं नाही. लेकीला फोनवर सांगितलं तेव्हा लेक आधी रडली, मग रागावून दोन महिने बोलली नाही. तिसऱ्या महिन्यात मुलीला काखोटीला मारून स्वतःच बोटीत बसली आणि आली. आजीने नात पहिल्यांदा मांडीवर घेतली ती मोरीच्या पायरीवर. नातीने पहिल्यांदा जे उपटायला हात घातला ते सवतीचं पान होतं, आणि आजीने नातीला पहिली बोलणी ऐकवली ती त्यावरून.

साहेब बदलून गेले, दुसरे आले, त्यांच्यानंतर तिसरे. कुंपणातला गटारी नेचा कमरेएवढा माजला. पाहुणे येत, पाटीवरचं चित्र बघत, मग आतला नेचा बघत, आणि विचारत, चित्रात जरा वेगळा दिसतो, नाही? "लहानपणचं चित्र आहे," नेचेकर म्हणे. थोरला भाऊ हे ऐकायला मुद्दाम डोंगर चढून जाई. घरी मात्र नेचेकर दर वर्षी मोरीवरची धूळ कागदात धरून कड्याच्या खोबणीत नेऊन टाकी. तिथे काही उगवलं नाही. मोरीच्या विटांत मात्र ती हातभर पसरली. नळाचं वायसर त्याने शेवटी आणलं होतं, पण बसवलं नाही. ते कितीतरी वर्षं त्याच्या खिशात होतं, आणि नेचेकरीण सदरा धुताना दर वेळी ते काढून ठेवी आणि वाळल्यावर परत घाली.

नेचेकर गेल्यावर घर सोडावं लागू नये म्हणून तिने कार्यालयाचे पडदे आणि टॉवेल धुण्याचं काम मागून घेतलं. लेक दर वर्षी न्यायला येई आणि महिनाभर राहून एकटीच परत जाई. शेवटच्या खेपेला मात्र ती राहिली, आई जाईपर्यंत. मग घराची किल्ली घ्यायला आलेल्या नव्या माणसाच्या बायकोला लेकीने एवढंच सांगितलं की नळाच्या बाजूला साबण लावू नका, दगड घसरडा होतो. ती बाई बरं म्हणाली.

नेचेकर गेला जुळी दहावीला बसली त्या वर्षी, परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, डोंगरावर कुंपणाच्या दाराशी. नेचेकरीण गेली जुळ्यांतल्या धाकट्याच्या लग्नानंतरच्या थंडीत, एका सोमवारी सकाळी, टॉवेल वाळत घालून झाल्यावर.